चोविसावी टिकली

मला दोष दिसतात, आणि यात माझा काही दोष नाही. सव्वीस वर्षं तयार कपड्यांच्या कारखान्यात शेवटच्या टेबलाशी उभी राहून शर्ट तपासले, दिवसाला चारशे. कॉलर वाकडी, टीप सुटलेली, काज मोठं झालेलं, काहीही दिसलं की तिथे लाल गोल टिकली चिकटवायची आणि शर्ट बाजूला टाकायचा. एखाद-दुसरी टिकली असली तर तो सेकंडचा माल, कमी भावात जायचा. डाग न जाणारा असला तर रिजेक्ट, त्याला भावच नाही. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण जित्याची खोड ती. लग्नाला गेले तरी मला नवरदेवाच्या बाहीची शिवण आधी दिसते, नवरदेव नंतर.

म्हणून त्या दिवशी जुनी घरगाडी बघायला निघालो तेव्हा माझ्या पर्समध्ये टिकल्यांचं पाकीट होतं. आमचे हे हसले.

"अगं, गाडी बघायला चाललोय. शर्ट नाही."

"शर्टाचे कुणी अठरा हजार मागत नाही," मी म्हटलं.

घरगाडी म्हणजे मोठी गाडी, पण आत सगळा संसार. पलंग, शेगडी, बेसिन, कपाटं, टेबल, एवढीशी मोरी. नवी घ्यायची तर आम्हा दोघांना विकूनही पैसे पुरले नसते. ही बावीस वर्षांची होती. मालक अठरा हजार मागत होता आणि आमच्याकडे झाडून सगळे सोळा होते. त्यातले दोन हजार यांच्या औषधांचे, त्यांना हात लावायचा नाही असं माझं मीच ठरवलेलं. राहिले चौदा. अठराची वस्तू चौदात आणायची, तर पहिला आकडा कितीचा सांगायचा, या विचारात मला तीन रात्री धड झोप नव्हती. फार कमी सांगितलं तर तो माणूस दार लावून घेईल, जास्त सांगितलं तर मी स्वतःला जन्मभर खाईन.

पण खरी धाकधूक पैशांची नव्हतीच.

आमचे हे लांब पल्ल्याच्या बसचे ड्रायव्हर, एकतीस वर्षं. रात्री एका गावात जेवायचे, सकाळी दुसऱ्या गावात चहा घ्यायचे. तीन वर्षांपूर्वी दोन्ही मूत्रपिंडं गेली. तेव्हापासून पोटाला एक बारीक नळी कायमची बसवलेली आहे. दिवसातून चार वेळा पोटातलं आधीचं पाणी नळीतून काढून टाकायचं आणि हुकाला टांगलेल्या पिशवीतलं दोन लिटर औषधी पाणी आत सोडायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण नळी जोडताना खिडक्या बंद, पंखा बंद, तोंडाला मास्क, हात कोपरापर्यंत धुतलेले. दिसणारही नाही एवढा जंतू आत शिरला की पोट सुजतं, आणि मग काय होईल ते डॉक्टरही सांगत नाहीत.

आम्ही एकदाच बाहेरगावी गेलो, दोन वर्षांपूर्वी, पुतण्याच्या लग्नाला. एका रात्रीसाठी लॉज घेतलं. ती खोली मी तपासली. चादरी नाकाशी धरून, फरशी हाताने पुसून, बाथरूमच्या फटींत टॉर्च मारून. आणि म्हटलं, चालेल. पडदे झटकून बघायचे राहिले. तिसऱ्या दिवशी यांना ताप भरला, पोट फळीसारखं घट्ट झालं आणि अकरा दिवस हॉस्पिटलात गेले. त्यातल्या चार दिवशी यांनी मला ओळखलं नाही. ती खोली मी पास केली होती.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. मी तर ताक प्यायचंच सोडलं. घर आणि हॉस्पिटल, हॉस्पिटल आणि घर.

लेक आमची आठशे किलोमीटरवर राहते. तिला नववा लागायला महिना होता. ती कधी "या" म्हणत नाही, शहाणी आहे, फक्त "बाबा कसे आहेत" एवढं विचारून गप्प होते. आणि हे फोन ठेवला की खिडकीतून रस्त्यावरच्या बसगाड्या बघत बसतात. घरगाडीचं यांनीच काढलं. स्वतःचा पलंग, स्वतःची चादर, स्वतःचा हुक, दुसऱ्या कुणाची धूळ नाही. दिवसा चार-पाच तास चालवायची, थांबायचं, पिशवी लावायची, पुढे निघायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जागा स्वच्छ आणि कोरडी असेल तर माझी हरकत नाही. फक्त ओल नको, बुरशी तर अजिबात नको, बुरशी पोटात गेली तर माझ्या हातात फार काही राहत नाही. हे "हो हो" म्हणाले. पुढचं वाक्य मी ऐकलं.

मालक घड्याळजी होता. पंचाहत्तरीचा, वाळकुडा, कपाळावर पट्ट्याने बांधलेलं भिंग. ते काढायचं तो विसरलाच होता बहुतेक. घरामागच्या अंगणात गाडी उभी होती. बायकोचे गुडघे गेले, तिला आता पायरी चढवत नाही, म्हणून विकायची, एवढं त्याने दोन वाक्यांत सांगितलं.

"मी जरा नीट बघणार आहे," मी म्हटलं. "आणि खुणा करणार आहे. चालेल ना?"

"करा की," घड्याळजी म्हणाला. "माझं तेच काम."

आमचं ठरलं होतं. इंजिन यांचं, बाकी सगळं माझं. हे बॉनेटमध्ये डोकं घालून बसले आणि मी बाहेरून सुरुवात केली. टायरवर सात वर्षांपूर्वीची तारीख, टिकली. मागच्या दिव्याची काच फुटलेली, टिकली. शिडी लावून छत बघितलं, ठीक होतं. मागच्या खिडकीभोवतीचं रबर एका कोपऱ्याला तडकलेलं, टिकली, आणि मनात नोंद केली की आतून याच्या खालची भिंत बघायची. मजा म्हणजे घड्याळजी माझ्या मागोमाग येऊन प्रत्येक टिकली वाकून, भिंग डोळ्यावर ओढून बघत होता आणि "बरोबर आहे" म्हणत होता. विकणाऱ्याने वाद घालावा, हमरीतुमरीवर यावं, म्हणजे आपल्यालाही जोर चढतो. हा माणूस "बरोबर आहे" म्हणाला की मला उगाच चोरट्यासारखं वाटायचं.

तेवढ्यात यांनी इंजिन चालू केलं, डोळे मिटून ऐकलं आणि बंद केलं. "ठणठणीत आहे," म्हणाले. "माझ्यापेक्षा." आणि पुसलेले हात पुन्हा पुसत माझ्या आधी आत चढले.

मी चढले तेव्हा हे मागच्या कोपऱ्यातल्या गादीवर बसले होते, पाय लांब सोडून.

"काय झालं?" मी विचारलं. "चक्कर येतेय?"

"काही नाही गं. जरा टेकलो. तू तुझं कर."

मी माझं केलं. भिंती बोटांनी वाजवून बघितल्या, कपाटांत डोकं घालून वास घेतला, जमीन टाचेनं दाबत दाबत गेले. ओल आत शिरली की लाकूड आतल्या आत सडतं आणि वरचा कागद मात्र नव्यासारखा दिसतो, हे मी आठवडाभर वाचून आणि चार जणांना विचारून शिकले होते. फ्रिज गार होत नव्हता. पंपाचा आवाज घशात काही अडकल्यासारखा. एका कपाटाचं बिजागर सुटलेलं, पलंगाची फळी करकरणारी, मोरीच्या नळाला गळती. टिकली, टिकली, टिकली. यांच्यापाशी पोचले.

"जरा सरका. या कोपऱ्यातलं बघायचंय. बाहेर रबर तडकलंय."

"मी बघितलं," हे म्हणाले. "हात फिरवून बघितलं. कोरडं आहे."

आता हे म्हणाले म्हणजे झालंच की. अडतीस वर्षांच्या संसारात या माणसानं मला खोटं सांगितलं नाही. बस चार मिनिटं उशिरा पोचली तर वहीत चार मिनिटंच लिहायचा, लोक तीन लिहायचे. मी खिडकीच्या वरची बाजू दाबून बघितली, टणक होती, आणि पुढे गेले.

तेवीस टिकल्या झाल्या. घड्याळजी तेविसावी वाचून म्हणाला, "बरोबर आहे. मी चहा टाकतो. तुम्ही दोघं बोलून घ्या." आणि उतरून गेला.

मी टेबलाशी बसले आणि एका जुन्या बिलाच्या पाठीवर बेरीज मांडली. टायर, फ्रिज, पंप, बाकी चिल्लर. साडेचार हजारांचं काम निघत होतं. म्हणजे गाडीची लायकी साडेतेराची. बारा सांगायचे, तो सोळा म्हणेल, असं करत करत चौदावर आणायचं. हिशोब बसत होता. मोठा दोष एकही निघाला नव्हता. खरं सांगते, मला आनंद व्हायला हवा होता, आणि झाला नाही. त्या क्षणी मला कळलं की मी ही गाडी विकत घ्यायला आलेच नव्हते. मी ती नापास करायला आले होते. टिकल्यांचं अख्खं पाकीट आणलं ते त्यासाठी. चार माणसांसमोर कारण दाखवता यावं, म्हणजे घरी जाऊन दाराला कडी लावता येईल.

"बारा सांगते," मी म्हटलं.

"अठराच देऊन टाक," हे म्हणाले.

"काय?"

"घासाघीस नको करूस. चांगला माणूस आहे. वरचे चार हजार मी कुणाकडून तरी आणतो."

मी पेन खाली ठेवलं. हा तोच माणूस, ज्याने परवा भाजीवाल्याशी मिरच्यांवरून वाद घातला. आयुष्यात कुणाकडे पै मागितली नाही तो आता चार हजार मागायला निघालाय, आणि तेही टिकल्या लागलेल्या गाडीसाठी. काहीतरी शिजत होतं.

"उठा तिथून," मी म्हटलं.

"दमलोय म्हटलं ना."

"ताप आहे का? बघू कपाळ."

"ताप नाही!" हे ओरडले. हे कधी ओरडत नाहीत.

आणि मग मला पिशवी दिसली. घराबाहेर पडताना आम्ही यांच्या सामानाची निळी पिशवी घेतो. त्यात औषधी पाणी, नळीची टोपणं, मास्क, निर्जंतुक फडकी. ती पिशवी तीन वर्षांत जमिनीवर ठेवली गेलेली नाही. टेबलावर, नाहीतर मांडीवर, नाहीतर माझ्या खांद्याला. मी एकदा चुकून पायरीवर टेकवली तर यांनी आठवडाभर ऐकवलं होतं. आणि आता ती खाली, जमिनीला टेकून, यांच्या पायामागे, भिंतीशी दाबून उभी होती.

मी खाली वाकले आणि पिशवी ओढली.

मागे कागद फुगला होता. त्यावर काळे ठिपके, मोहरीएवढे, खालपर्यंत दाट होत गेलेले. मी बोट टेकवलं तर बोट आत गेलं. आणि वास आला, बंद पडलेल्या तळघराचा.



"तुम्हाला दिसलं होतं?" मी विचारलं.

"आत आल्याबरोबर."

"आणि कोरडं आहे म्हणालात. मला. कोरडं आहे म्हणालात!" माझा आवाज चढला तो मलाच थांबवेना. "अहो, इथे नळी जोडणार होतात तुम्ही? या भिंतीशी? पोट कुणाचं आहे हे? विसरलात ते अकरा दिवस? मी विसरले नाही! तुम्ही चार दिवस मला 'सिस्टर' म्हणत होतात!"

"नाही विसरलो," हे म्हणाले. मान खाली होती. "पण तुला हे दिसलं असतं तर तू नापास केली असतीस. ही केली असतीस, मग पुढची, मग त्याच्या पुढची. मी तुला ओळखतो गं. तुझ्या टेबलावरून मी कधी पास होणारच नाही."

हे तोंडात मारल्यासारखं लागलं, कारण खरं होतं. खरं लागलं की मला जास्त राग येतो. मी पाकिटातून चोविसावी टिकली काढली आणि त्या फुगलेल्या कागदावर अशी दाबली की टिकलीसकट अंगठा आत गेला.

तेवढ्यात घड्याळजी चहाचा ट्रे घेऊन पायरी चढला. आणि मी, काही विचार न करता, सगळा राग त्याच्यावर ओतला. तुमच्या गाडीची भिंत सडलीय. खिडकीतून पाणी शिरतंय. आमच्या यांच्या पोटाला नळी आहे, दिवसातून चार वेळा उघडावी लागते. ही बुरशी आत गेली तर माणूस हाताचा जाईल, आणि तुम्ही अठरा हजार मागताय. एका दमात सगळं. चहा ट्रेमध्ये सांडत होता.

घड्याळजीनं ट्रे टेबलावर ठेवला. भिंग डोळ्यावर ओढलं, गुडघ्यावर बसला आणि त्या कोपऱ्याकडे बघत राहिला, एखादं महागाचं घड्याळ उघडून बसल्यासारखा. मग उठला. चेहरा पडला होता.

"मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. "देवाशपथ सांगतो. आमची ही तिथे उशा रचून ठेवायची."

"माहीत नव्हतं ना? मग आता किंमत बोला," मी म्हटलं.

"किंमत नाही." त्यानं भिंग कपाळावर सरकवलं. "गाडी तुम्हाला विकायची नाही. दुसऱ्या कुणालाही ही भिंत दाखवून विकेन. तुम्हाला नाही. यांना काही झालं तर मला झोप लागायची नाही. या, चहा घ्या आणि या."

झालं की. मला हवं होतं तेच झालं. मी नापास करायचीही गरज उरली नव्हती, मालकानंच केली. मी सुटकेचा श्वास घ्यायला हवा होता.

हे उठले. निळी पिशवी हातात घेतली, तिची तळाची बाजू रुमालानं पुसली, एकदा, दोनदा, आणि म्हणाले, "चल."

बस्स, एवढंच. कुरकुर नाही, राग नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. अगदी शहाण्या मुलासारखं "चल." बसच्या स्टिअरिंगवर एकतीस वर्षं बसलेला माणूस. आणि त्याला मी असं शहाणं करून ठेवलं होतं.

"तेरा," मी म्हटलं.

घड्याळजीला कळलं नाही. "काय?"

"तेरा हजार देते."

"अहो बाई, मी नाही म्हणालो."

"चौदा."

"मी किमतीचं बोलतच नाहीये..."

"पंधरा."

"अगं!" हे दारात थांबले. "काय चाललंय तुझं?"

"सोळा," मी म्हटलं. "सोळा घ्या, हातात देते, आत्ता."

"सोळा?" हे म्हणाले. "औषधाचे धरून?"

घड्याळजी माझ्याकडे बघत होता आणि त्याच्या डोळ्यांत आता काळजी दिसत होती, गाडीची नाही, माझी. "बाई, तुम्ही उलट्या चालताय," तो हळूच म्हणाला. "टिकल्या तुमच्या, आणि वर तुम्हीच चढताय. बसा. पाणी देऊ?"

मी बसले. आयुष्यात पहिल्यांदा मी भाव वाढवत गेले होते आणि समोरचा माणूस नको म्हणत होता. मला हसू येत होतं. पाणी प्यायले. मग डोकं जरा ठिकाणावर आलं आणि जुनं काम आठवलं. शर्टावर डाग दिसला तर तो लांबून बघून नापास करत नाहीत. शिवण उसवून बघतात, डाग किती खोल गेलाय.

"स्क्रू ड्रायव्हर आहे?" मी विचारलं.

"माझ्याकडे?" घड्याळजी म्हणाला. "चाळीस आहेत."

"मोठा हवा. भिंत उघडून बघू. अहो, तुम्ही खाली उतरा. लांब उभे राहा, तिकडे, कुंपणापाशी. मास्क लावा."

हे निमूट उतरले. घड्याळजी आणि मी तोंडाला फडकी बांधून कोपऱ्यात बसलो. कागद ओला होता, तो हातानंच निघाला. मग फळी. स्क्रू गंजलेले, एकेक काढायला पाच-पाच मिनिटं. घड्याळजीचे हात लहान, पण ताकद बरी होती. आत पूर्ण भिंत काळी निघाली तर? जमिनीपर्यंत, पलंगाखालपर्यंत? मग या गाडीला भाव नाही, बाळाचा जन्म नाही, प्रवास नाही, पुन्हा खिडकी आणि बसगाड्या. आणि निघाली नाही तर? तर मला हो म्हणावं लागणार. कुठल्याची जास्त भीती वाटत होती ते मला सांगता येणार नाही.

फळी निघाली. आतलं लाकूड काळं, भुसा झालेलं. मी पेननं टोचत टोचत डावीकडे गेले. मऊ, मऊ, मऊ. मग टक्. कोरडं. वर टोचलं, टक्. खाली जमिनीशी, टक्.

"किती आहे?" कुंपणाकडून यांची हाक आली. आवाज फाटला होता.

मी हाताने मोजलं. "अडीच वीत," मी ओरडून सांगितलं. "लांबी अडीच, उंची एक."

"म्हणजे?"

"थांबा हो जरा!"

मी घड्याळजीकडे वळले. "हा कोपरा कापून टाकायचा. नवं लाकूड, नवी फळी. खिडकीचं रबर सगळंच्या सगळं नवं. पंधरा दिवस दारं उघडी टाकून वाळवायची. मी रोज येईन. मग पाण्याची नळी तासभर त्या खिडकीवर धरायची आणि आत हात लावून बघायचं. थेंब जरी दिसला तरी मी येणार नाही आणि तुम्ही बोलावू नका. कोरडी राहिली, तर घेते."

"आणि तुमचे डॉक्टर?"

"त्यांना इथे आणून दाखवते. तुमच्यासमोर."

त्यानं भिंग ओढून ती अडीच वीत पुन्हा एकदा मोजली. "किती देणार?"

तीन रात्री मी ज्या आकड्यासाठी जागले तो आता तोंडातून सहज निघाला. "बारा."

"आत्ता सोळापर्यंत आला होतात."

"तेव्हा मी शुद्धीवर नव्हते."

घड्याळजी हसला, पहिल्यांदाच. "साडेबारा. रबर माझं, लाकूड माझं. कापायला तुम्ही."

"ठरलं," मी म्हटलं.

आणि ठरलं म्हटल्याबरोबर माझी पाचावर धारण बसली. हात साबणानं दोनदा धुतले, अंगणात आले आणि कुंपणापाशी यांच्या शेजारी उभी राहिले. आत घड्याळजी सडकं लाकूड वर्तमानपत्रात गुंडाळत होता.

"घेतोय आपण," मी सांगितलं. "कोरडी राहिली तर."

यांनी हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"अहो, मला भीती वाटतेय," मी म्हटलं. "कोरडी आहे असं शेवटी मलाच म्हणायचंय ना. ती खोलीही मीच पास केली होती."

"मलाही वाटते," हे म्हणाले. "घरी वाटत नाही असं समजतेस? रोज चार वेळा वाटते." मग जरा थांबून, "आणि ती खोली, ती खोली, दोन वर्षं हेच चाललंय तुझं. मी एकदा तरी काही म्हटलं? त्या लग्नात मी नाचलो होतो. ते कधी धरलंस?"

मी धरलं नव्हतं. खरंच नाचले होते हे, जोडे काढून, पिशवी माझ्याकडे देऊन, पुतण्याच्या मित्रांमध्ये. हसून हसून घाम आला होता. त्यानंतरचे अकरा दिवस मला तासातासानं आठवत होते, आणि ही अर्ध्या तासाची गोष्ट मी पार पुसून टाकली होती.

"लेकीला फोन लावू?" यांनी विचारलं.

"लावा. पण यायची तारीख सांगू नका. अजून काही नक्की नाही. वाळायचंय, डॉक्टरीणबाई यायच्यात. तारीख सांगू नका हं."

हे फोनकडे बघत राहिले. बटण दाबेनात.

"सांगितलीत?" मी म्हटलं.

"परवाच," हे म्हणाले. "ती रडली गं फोनवर. मग मला नाही म्हणवेना."

मी रागवायला तोंड उघडलं, आणि रडूच आलं.